बाळंतिणीच्या तळघरातली घंटी

मी भूगावच्या एका तळघरात टांगलेली, नळ्यानळ्यांची घंटी बोलतेय. फेंगशुईची म्हणतात मला. जन्मच वाजण्यासाठी, पण वारा म्हणजे काय चीज असते ते मला फार उशिरा कळलं.

दुकानात मी पंख्याखाली लटकायचे. वाटायचं, आपण आपल्याच अंगच्या गुणानं वाजतो. मग करिष्मानं मला आणलं आणि बंगल्याच्या तळघरात, छताजवळच्या वीतभर खिडकीपाशी बांधलं. तिथून अंगणातली माणसं घोट्यापर्यंतच दिसायची.

त्या खोलीत करिष्माची नणंद, सोनिया, तान्हं घेऊन माहेरपणाला होती.

"आई, जमिनीखाली झोपलं की एनर्जी जड होते," करिष्मा सासूला म्हणाली. "ही वाजली की हलकी होईल."

"घंटी देवाम्होरं असती. बाळंतिणीला काय आरती करायचीय व्हय?" तुकाबाई म्हणाली. "तिला ऊब पायजे. म्हणून तर खाली आणली."

तुकाबाई मुळशीकडच्या माले गावची. मेंढरांमागं हिंडताना, उघड्या माळावर तिनं सोनियाला जन्म दिला होता. तेव्हाचं वारं तिच्या हाडात शिरलं ते शिरलंच. लेकीला तसं होऊ द्यायचं नाही, हे तिनं मनाशी पक्कं केलेलं. म्हणून तिनं जुन्या लुगड्याचे बोळे करून माझी खिडकी ठासून बंद केली. बाजेखाली कोळशाची शेगडी, वर ओव्याची धुरी, आणि दार घट्ट.

मी मुकी झाले. समोरच्या भिंतीला ओल आली, रंगाचे पोपडे गळायला लागले, आणि मी आपली मलाच दोष देत राहिले.

एका दुपारी न्हाऊन-शेकून झाल्यावर सोनिया म्हणाली, "आई, डोकं लई जड झालंय. उठावंसं वाटंना."

"दिष्ट लागली आसंल. थांब, मीठ-मोहऱ्या आणते." एवढं म्हणून तुकाबाई उठली, तर तिचाच तोल गेला. भिंत धरून ती पायऱ्या चढली.

बाळाची दूध प्यायची वेळ टळून गेली. ते रडलं नाही. सोनियानं डोळे मिटले होते. मी वरून बघत होते आणि माझ्या अंगात सात नळ्या असून एक हाक निघत नव्हती.

तेवढ्यात करिष्मा जेवणाचं ताट घेऊन आली. तिची नजर आधी माझ्यावर गेली. "आई, घंटी का वाजत न्हाई ओ?"

"मी बोळं कोंबल्यात," वरून आवाज आला.

"मग सगळं उलटंच की." ताट ठेवून ती स्टुलावर चढली आणि बोळे उपसले.

आणि वारा आला. काय सांगू तुम्हाला! मुळशीच्या पाण्यावरून, कुणाकुणाच्या खाचरांवरून चालत आलेला तो एवढा मोठा देव, वीतभर भोकातून वाकून आत शिरला. निखारे लाल झाले. माझ्या नळ्या एकमेकींवर आपटल्या. बाळ अंगभर शहारलं, शिंकलं, आणि असं रडलं की तुकाबाईच्या मुठीतलं मीठ पायऱ्यांवर सांडलं.

करिष्माचंही डोकं गरगरत होतं. तिनं निखाऱ्यांकडं पाहिलं, मग बाळाकडं. "आई, शेगडी भायेर काढा. आदी शेगडी."

तुकाबाईनं ती नुसत्या हातांनी उचलली.

मायलेकरांना वर नेलं, तिथून दवाखान्यात. बंद खोलीत कोळशाचा विषारी वायू श्वास चोरतो आणि त्याला वाससुद्धा येत नाही, असं डॉक्टर म्हणाले. जीव वाचले. दुसऱ्या दिवशी मायलेकरं घरी आली, तेव्हा मला खिडकीतून ओट्यावर तुकाबाईची पावलं दिसली, भाजलेल्या हातांना फडकी बांधलेली असणार. बाळाची कुरकुर ऐकू येत होती.

"गार वाटतंय, आत घेऊ का?" सोनियानं विचारलं.

"टोपडं घाल त्याला," तुकाबाई म्हणाली. "पर ऱ्हाऊ दे हितंच."

आता तळघरात कुणी झोपत नाही. कांदे-बटाटे असतात, आणि मी. तुमच्या घरी कुणी जमिनीखाली निजत असेल, तर माझ्यासारखी टांगा, नका टांगू, तुमची मर्जी. पण एकदा खाली जाऊन उभे राहा, आणि हवा कुठून येते, कुठून जाते, ते आपल्या डोळ्यांनी बघा.

बरं, पुरे आता. वारा आलाय.