कुत्री आत येणार नाही

चक्रीवादळाचा इशारा देणारा भोंगा वाजायला लागला, तेव्हा गावातले निम्मे पुरुष नेहमीसारखे बाहेर येऊन आभाळाकडे बघत उभे राहिले. ओक्लाहोमात हे असंच चालतं. पण नैर्ऋत्येचं आभाळ हिरवट काळं झालं, गारा पडू लागल्या, आणि मग सगळेच चर्चच्या तळघराकडे धावले. चाकांवरच्या पत्र्याच्या घरांत राहणाऱ्यांना दुसरा आसराच नव्हता.

गावच्या शाळेतल्या जुन्या शिक्षिका वर्लीनबाई शेवटच्या पायरीवर थबकल्या. तळघराच्या दारात चर्चचा कारभारी मर्ल हात आडवा धरून उभा होता. त्याच्यासमोर म्हातारा हार्लन, काखेत भिजलेली कुत्री.

"कुत्री आत येणार नाही, हार्लनकाका. नियम आहे. आत नवा गालिचा टाकलाय."

"मग मीही येत नाही." हार्लन वळला. "चल गं पेनी, आपलं घरच बरं."

वर्लीनबाईंच्या मस्तकात तिडीक गेली. मागच्या वसंतातल्या वादळात एडना अशीच मांजर घेऊन परत गेली होती. तिचं घर दुसऱ्याच्या शेतात उलटं सापडलं. आणि तिच्या दफनाला ह्याच मर्लने डोळे पुसत प्रार्थना म्हटली होती.

"हार्लन, तिथेच थांबा!" असं म्हणून बाई उंबऱ्यावर पाय पसरून बसल्या.

"बाई, हे काय? दार लावायचंय!"

"लाव की. माझ्या पायांवर लाव."

आतून कुणीतरी ओरडलं, "बाई, लहान पोरं आहेत इथे!"

"ठाऊक आहे. ते मला नको, मर्लला सांगा."

"नियम मी नाही केला, बाई. समितीने केला."

"आणि समितीत कोण? तूच ना? दुसरीत असताना शेजाऱ्याचं बघून लिहायचास, तेव्हाही म्हणायचास, मी नाही, हाताने केलं."

भेदरलेल्या गर्दीतही कुणीतरी फिसकन हसलं.

इतक्यात वारा एकदम पडला. त्या शांततेचा अर्थ सगळ्यांनाच माहीत होता: वादळ आता डोक्यावर येणार. मर्लचा हात खाली आला. हार्लन कुत्रीसकट आत घुसला, दोघातिघांनी बाईंना ओढून घेतलं आणि अडसर पडला. मग डोक्यावरून जे गेलं, त्यात कुणाची प्रार्थना कुणाला ऐकू आली नाही.

दार उघडलं तेव्हा हार्लनच्या घराच्या जागी फक्त तीन पायऱ्या उरल्या होत्या.

मर्लने टोपी काढली. "देवाची कृपा, बाई. काका वाचले."

"देवाला मध्ये घेऊ नकोस. तू त्यांना परत पाठवत होतास." बाईंनी तळहात पुढे केला. "तळघराची चावी."

"समितीला विचारावं लागेल..."

"विचार ना. पण चावी आधी दे. वसंत अजून संपलेला नाही."

मर्लने मागे वळून पाहिलं. सगळे बाईंच्या बाजूने उभे होते. तो जुडग्यातून चावी काढू लागला. कडं उघडेना. बाई हात तसाच धरून उभ्या राहिल्या.