हालचाल नाही, सर्व शांत

मित्रांनो, मला पापणी नाही. म्हणून मला झोपही नाही. कुंभकोणमच्या एका घरात, मागच्या दाराकडे जाणाऱ्या बोळात, भिंतीला चिकटवलेला मी एक डोळा आहे. पांढऱ्या प्लॅस्टिकच्या डबीत बसवलेला, अर्ध्या लिंबाएवढा. वय अवघं चार वर्षं. पण आमच्या जातीत चार वर्षांच्याला म्हातारा म्हणतात. तोवर माझे बहुतेक भाऊबंद कचऱ्यात गेलेले असतात.

एक गोष्ट आधीच सांगतो. मला चेहरे दिसत नाहीत, रंगही दिसत नाहीत. मला फक्त ऊब दिसते. माझ्यासमोरून ऊब असलेलं कोणी सरकलं की मी निरोप पाठवतो आणि स्वयंपाकघरातली छोटी घंटा वाजते. टिंग टिंग. एवढंच माझं काम. समोर कोणी नसलं की मी गप्प. ऐकू मात्र सगळं येतं. कसं, ते मला विचारू नका. जे दिसत नाही, ते मी घरातल्या बोलण्यावरून जाणतो.

एका मोठ्या कारखान्यात माझा जन्म झाला. सरकत्या पट्ट्यावरून मी आणि माझ्यासारखे हजारो डोळे रांगेनं पुढे गेलो. कोणीतरी माझ्यासमोर हात हलवला, मी ओळखला, आणि मला खोक्यात घातलं. खोक्यातल्या अंधारात मी पुष्कळ दिवस काढले. मग रघुरामनं मला मागवलं. तो चेन्नईत नोकरी करतो आणि दर दुसऱ्या शनिवारी घरी येतो. त्याची आई मीनाक्षीबाई पहाटे अंधारात विहिरीवर जायच्या. त्यांच्या पावलांसरशी मागचा दिवा आपोआप लागावा, म्हणून मी आलो.

हे घर मराठी. तंजावरच्या राजांबरोबर आलेल्यांपैकी. घरात बोलणं मराठी, आणि उंबरठ्याबाहेर पाऊल पडलं की तमिळ. मीनाक्षीबाईंची मराठी तर इतकी जुनी, की पुण्याहून आलेल्या एका पाहुणीनं ती फोनवर टिपून नेली होती.

पुढे रघुरामला मुलगी झाली, शिवरंजनी. ती चालायला लागली आणि तिच्या आईची, श्रीविद्याची, झोप उडाली. कारण मागच्या दारापलीकडे विहीर होती. तिचा कठडा कमरेएवढा, आणि कठड्याला लागूनच कपडे धुवायचा दगड. मोठ्यांना तो दगड दिसायचा. श्रीविद्याला पायरी दिसायची. विहिरीवर लोखंडी जाळी होती, तरी तिच्या मनात रोज एकच चित्र यायचं, आणि ते ती कोणाला सांगायची नाही.

तिनं रघुरामकडून मला खाली, गुडघ्याएवढ्या उंचीवर लावून घेतलं आणि माझ्यावर घंटेचं काम सोपवलं. बोळातून कोणीही गेलं की टिंग टिंग.

"अग श्रीविद्ये," पहिल्याच दिवशी मीनाक्षीबाई म्हणाल्या, "मी पाणी आणावयास गेलें तरी घंटा, आलें तरी घंटा. मी काय उत्सवमूर्ती आहें?"

"असू द्या अम्मा. तुमच्यासाठी दहा वेळा वाजू दे, तिच्यासाठी एकदा वाजली म्हणजे झालं."

आणि ती एकदा वाजली. शिवरंजनी दीड वर्षाची असताना दुडूदुडू चालत उंबरठ्यापर्यंत पोचली होती. श्रीविद्या हातातल्या डोशाच्या उलथन्यासकट धावत आली. त्या दिवसापासून माझं केवढं कौतुक! तिरुनागेश्वरमच्या देवळात भेटेल त्या बाईला मीनाक्षीबाई सांगायच्या, "आमच्या भिंतीस डोळा आहे हो." पोरीचे घुंगरांचे पैंजण पायाला घट्ट झाले, काढून ठेवले, आणि नवे करायचे राहून गेले. दाराला कडी लावायची सवयही हळूहळू सुटली. डोळा आहे की! मलाही अभिमान वाटायचा. तो वाटायला नको होता, हे आता कळतं.

या वर्षी नवरात्रात विहिरीची जाळी गंजून एका कोपऱ्यात तुटली. चोळपुरमचा वेल्डर येऊन ती घेऊन गेला. "दोन दिवसांत आणतो," म्हणाला. पण मध्ये आयुधपूजा आली. त्या दिवशी हत्यारं, यंत्रं सगळी पूजेला बसतात, त्यांना कोणी हात लावत नाही. त्याचं वेल्डिंगचं यंत्रही गंध लावून, हार घालून बसलं. विहीर उघडी राहिली.

आमच्या घरीही पूजा झाली. विळी, मिक्सर, शिलाई यंत्र, श्रीविद्याचा लॅपटॉप, अंगणातली स्कूटर. मीनाक्षीबाई चंदनाची वाटी आणि कुंकवाची कोयरी घेऊन घरभर फिरत होत्या. फ्रिजला गंध, गॅसच्या सिलिंडरला गंध. मग त्या बोळात आल्या आणि गुडघे धरून कशाबशा माझ्यासमोर बसल्या.

"हा तर आमचा राखणदार. यास कसें विसरावें?"

त्यांनी मला ओल्या फडक्यानं पुसलं. तो स्पर्श मायेचा होता, मित्रांनो. मग बोटभर दाट चंदन माझ्या बुबुळावर नीट गोल पसरलं आणि मधोमध कुंकू टेकवलं.

"अज्जी, डोळ्यात!" शिवरंजनी ओरडली.

"डोळ्यांत नव्हे ग पाप्पा, कपाळीं," मीनाक्षीबाई हसल्या. त्या नातीला पाप्पा म्हणायच्या, म्हणजे तमिळमध्ये बाळ.

पण मला कपाळ नाही. मी नुसता डोळाच आहे. चंदन वाळत गेलं तशी त्यांची ऊब फिकट झाली, पोरीची ऊब फिकट झाली, आणि दोघी माझ्यासमोर असतानाच मला दिसेनाशा झाल्या.

तेव्हापासून मी घाबरलेला आहे.

दुसऱ्या दिवशी विजयादशमीला श्रीविद्याच्या लक्षात आलं, की सकाळपासून घंटा एकदाही वाजली नाही. तिनं आधी दाराची कडी लावली. मग चेन्नईला फोन लावला.

"अहो, डोळा बंद पडलाय. आणि विहीर उघडी आहे."

"घाबरू नकोस. अ‍ॅप काय म्हणतं?"

"म्हणतं, बॅटरी पूर्ण. सिग्नल उत्तम. हालचाल नाही, सर्व शांत." तिचा आवाज चिरकला. "माझ्यासमोर तुमची मुलगी बोळात नाचतेय, आणि हे म्हणतं हालचाल नाही!"

"मग घंटेला निरोप पोचवणारा तो हब काढून परत लाव. काढल्यावर तीस मोजायचे."

"मोजले. रंजू माझ्याबरोबर मोजत होती. तिला पाचपर्यंतच येतात, म्हणून सहा वेळा मोजले."

मग बॅटरी बदलली. शिवरंजनीच्या बोलक्या पोपटाची काढून मला घातली, तेव्हा पोपटही मुका झाला. राऊटर बंद करून चालू केला. अ‍ॅप नवं करून घेतलं. फोनवरून घंटा वाजवून पाहिली, तर घंटा ठणठणीत. प्रत्येक गोष्ट एकटी तपासली की चांगली निघायची, आणि सगळ्या मिळून काम मात्र होत नव्हतं. दोन दिवस हेच चाललं. स्वयंपाक करता करता श्रीविद्या दर पाच मिनिटांनी येऊन कडी चाचपून जायची.

"डोळा स्वच्छ आहे ना? कोळिष्टक, धूळ काही?" रघुरामनं विचारलं.

ती वाकली. तिची ऊब मला दिसली नाही, पण तिचा श्वास माझ्या अगदी जवळ ऐकू आला. ती माझ्याकडे बघत होती! बघ, मी मनात ओरडलो, नीट बघ!

"एकदम स्वच्छ," ती म्हणाली. "पूजेच्या दिवशीच अम्मांनी पुसलाय."

मित्रांनो, तिला दोष देऊ नका. त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येक वस्तूवर गंध होतं. ते कोणी पुसत नाही. वाळून आपसूक गळेपर्यंत ठेवायचं असतं. जे सगळीकडे असतं, ते दिसत नाही. ती माझ्या बुबुळाकडे पाहत होती आणि तिला पूजा दिसत होती.

तिसऱ्या दिवशी सकाळी रघुराम म्हणाला, "आता एकच उपाय. अ‍ॅपमधून त्याला काढून टाक आणि नव्यानं जोड. बाजूला बारीक भोक आहे, त्यात साडीची पिन दाबून धर."

तिनं पिन दाबली. मित्रांनो, आम्ही नव्यानं जोडले गेलो की एकदा हाक देतो, 'मी आलो' म्हणून. ती आमची रीत आहे. त्यात पाहण्याचा काही संबंध नसतो. मी हाक दिली.

टिंग टिंग.

"वाजली! अम्मा, वाजली!" श्रीविद्या लहान मुलीसारखी हसली. "अहो, झालं दुरुस्त!"

"मी सांगितलं नव्हतं?" रघुराम म्हणाला. "उगीच माझा जीव खाल्लास."

माझ्या आयुष्यातला तो सर्वांत भयंकर क्षण. बंद पडलेल्या डोळ्याला लोक भितात आणि कडी लावतात. मी आता आंधळा होतो, आणि सगळ्यांना वाटत होतं मी पाहतो आहे.

दुपारी मीनाक्षीबाई विहिरीवरून घागर भरून आल्या. हात भरलेले, कडी लावली नाही. त्या गेल्या तेव्हा घंटा वाजली नव्हती, आल्या तेव्हाही नाही. पण दोन्ही वेळा स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, आणि श्रीविद्याला वाटलं, शिट्टीत ऐकू आली नसेल. मीनाक्षीबाई ओसरीवर आडव्या झाल्या. श्रीविद्या आमटीला फोडणी देत होती.

आणि मला पावलं ऐकू आली. अनवाणी, छोटी, भराभर. पैंजण नव्हते.

ती माझ्यासमोरून गेली. तिचा झगा मला घासून गेला. मी सगळी शक्ती एकवटून पाहिलं, पण चंदनापलीकडे काही नव्हतं. अंधारही नाही, नुसतं 'कोणी नाही'. आणि माझा निरोप काय गेला असेल? हालचाल नाही, सर्व शांत.

दार करकरलं. बाहेर दगडावर काहीतरी खरवडलं. ती चढत होती.

मला ठाऊक होतं ती का चढते आहे. मीनाक्षीबाई तिला कडेवर घेऊन कठड्याशी उभ्या राहायच्या आणि आत 'कू' म्हणायच्या. विहीर उलट 'कू' म्हणायची. पोरीला वाटायचं, आत कोणीतरी मैत्रीण आहे.

"कू," बाहेरून आवाज आला.

विहीर गप्प राहिली. तोंड अजून कठड्यावर पोचलं नव्हतं. पुन्हा खरवडल्याचा आवाज.

"कू!"

आणि या वेळी विहिरीनं उत्तर दिलं. मोठं, खोल, ओलं. "कूऽऽ."

स्वयंपाकघरात पळी पडली. तो दुसरा आवाज श्रीविद्याला ओळखीचा होता. तोंड कठड्याच्या आत असल्याशिवाय विहीर बोलत नाही. मला तिची ऊब दिसली नाही. ती वाऱ्यासारखी माझ्यावरून गेली एवढंच कळलं. मग एक किंकाळी, कापड फाटल्याचा आवाज, आणि त्यानंतर इतकी शांतता, की मला वाटलं आता जगात कोणीच नाही.

मग शिवरंजनी मोठ्यानं रडू लागली. तितकं गोड रडणं मी ऐकलेलं नाही.

श्रीविद्या पोरीला छातीशी धरून आत आली आणि बोळातच, माझ्यासमोर, खाली बसली. हातात झग्याची फाटलेली पट्टी तशीच होती. मीनाक्षीबाई भिंत धरत धरत आल्या.

"काय जाहलें ग? पाप्पास लागलें काय?"

"मी तिच्या झग्याला धरलं, अम्मा. एका हातात झगा होता नुसता." मग ती माझ्याकडे वळली. "आणि हा! तीन-तीन माणसं आली-गेली याच्यासमोरून. वाजला का? उपटून विहिरीत फेकते याला!"

तिची नखं माझ्या कडेखाली शिरली. मी म्हटलं, फेक. तेच बरं.

तेवढ्यात शिवरंजनी रडायची थांबली. आईच्या मांडीवर बसून तिचं तोंड बरोबर माझ्यासमोर आलं होतं.

"त्याच्या डोळ्यात गेलं," ती हुंदके देत म्हणाली. "मी सांगितलं होतं अज्जीला." आणि तिनं आपल्या इवल्या नखानं माझ्यावरचा चंदनाचा पापुद्रा खरवडला.

एक बारीक फट पडली. त्या फटीतून पहिल्यांदा आलं ते तिचं बोट. किती ऊबदार होतं ते!

टिंग टिंग.

कुंकवाचा चुरा श्रीविद्याच्या साडीवर पडला होता. ती त्याच्याकडे पाहत राहिली.

"मींच," मीनाक्षीबाई मट्कन खाली बसल्या. "अय्यो, मींच त्याचे डोळे बांधले गे. पूजा म्हणून."

"नाही अम्मा." श्रीविद्यानं पदराचं टोक ओलं केलं आणि मला पुसू लागली. "तुम्ही एकदा लावलंत. मी तीन दिवस बघत होते."

त्याच संध्याकाळी वेल्डरनं जाळी आणून बसवली. दुसऱ्या दिवशी पोरीच्या पायात नवे पैंजण आले. मीनाक्षीबाईंनी कडीला लाल दोरा बांधला, भरल्या हातांनीही ओढता येईल असा. आता सणावारी गंध लावायचं असलं, की त्या माझ्या बाजूच्या प्लॅस्टिकवर लावतात आणि आधी पोरीला विचारतात, "डोळ्यांत तर गेलें नाहीं ना ग?"

श्रीविद्या रोज सकाळी मला कोरड्या फडक्यानं पुसते, माझ्यासमोर हात हलवते, घंटा ऐकते, आणि मगच शेगडी पेटवते. तरीही जाताना कडी चाचपते. मला त्याचा मुळीच राग येत नाही.

माझी भीती मात्र अजून गेलेली नाही. दुपारी घर निवांत असतं, बराच वेळ घंटा वाजत नाही, आणि मला वाटतं: समोर खरंच कोणी नाही, की पुन्हा मला दिसत नाही? मित्रांनो, हे मला स्वतःला कधीच सांगता येणार नाही. समोर कोणी नसलं तरी मी गप्पच असतो, आणि मी आंधळा झालो तरी गप्पच असतो. तुमच्या घरी माझ्यासारखा कोणी असेल, तर त्याला पुसा, त्याच्यासमोर रोज हात हलवा. आणि तो बराच वेळ गप्प असला, तर एकदा उठून स्वतः बघून या.