नलिनीचा जुना नंबर

नंबर काय पळून जातो होय, असं नलिनी म्हणाली होती ती पहिल्या लॉकडाऊनमध्ये. म्हणाली कसली, नवऱ्यावर डाफरलीच. घरात पिठाचा डबा खडखडत होता आणि लवू तिच्या फोनच्या रिचार्जचं घेऊन बसला होता. पीठ आलं, रिचार्ज राहिला तो राहिलाच. आता वर्षभराने बोला! नंबर खरंच पळाला होता, आणि नलिनी असल्फ्याच्या डोंगरावरच्या वस्तीतून धापा टाकत खाली निलेशच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात येऊन बसली होती.

दुसरं लॉकडाऊन चालू होतं. सोसायट्यांनी कामवाल्या बायांना गेटवरच अडवलं, तिची धुण्याभांड्यांची सगळी कामं सुटली. लवूचा साकीनाक्याचा कारखाना तर कधीचाच बंद. सरकारने घरकामवाल्या बायांना दीड हजार जाहीर केले होते, आणि नलिनीला ते कशाला हवेत हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. दिशाच्या फिटच्या गोळ्या संपल्या होत्या. नऊ वर्षांची पोर. मोठ्या हॉस्पिटलात गोळ्या फुकट मिळायच्या, पण तिथे आता कोरोनाशिवाय कुणाला आत घेत नव्हते. मेडिकलवाला म्हणाला, आधी मागची उधारी आणा. काल पोरीला दोनदा फिट आली. दुसऱ्यांदा दात जिभेत रुतले, उशी रक्ताने भरली. गोळ्या चुकवल्या तर एखादी फिट थांबायचीच नाही, असं डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं.

निलेश गल्लीतलाच पोरगा, भला. अर्धं शटर खाली ओढून त्याने नलिनीची माहिती कॉम्प्युटरवर भरली. कोरोनामुळे अंगठ्याचं मशीन बंद आहे, म्हणाला, आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येईल तेवढा सांगा, फॉर्मचा आज शेवटचा दिवस आहे. नलिनी लवूचा फोन हातात धरून बघत राहिली. ओटीपी येईना. यायचा कुठून? तो गेला होता तिच्या जुन्या नंबरवर. बंद पडलेला नंबर कंपनी दुसऱ्याला देऊन टाकते, हे तिला निलेशकडून आत्ता कळलं.

लावून बघा, तो म्हणाला, दहा मिनिटं चालतो ओटीपी.

तिने स्वतःचाच नंबर लावला. आधी ती कोरोनाची टेप, मास्क लावा, हात धुवा. मर मेल्या, आटप! मग कुणी बाई बोलली, बोलण्यावरून लांब कुठल्या गावची. नलिनीने सगळं सांगितलं, की हा नंबर आधी माझा होता, तुम्हाला आलेला आकडा माझा आहे. बाई म्हणाली, ओटीपी कुणाला द्यायचा नसतो. नलिनीने देवाच्या शपथा घातल्या, पोरीची शपथ घातली. न राहवून निलेशने फोन घेतला, आणि तिथेच वाट लागली. पुरुषाचा आवाज ऐकताच बाईने फोन कट केला.

नलिनीने परत लावला. परत ती टेप. बाईने उचलला. दिशाची जीभ, ती उशी, एवढंच नलिनी पुटपुटली आणि ओक्साबोक्शी रडायला लागली. लाजबीज कुठली, दुकानातच.

"ताई, रडू नका," बाई हळूच म्हणाली. "मागे एकाचा फोन आला होता, तोपण असाच रडत होता. बायको हॉस्पिटलात आहे म्हणाला. मी आकडा सांगितला आणि माझं खातं रिकामं झालं. सरकारचेच पैसे होते ते. पोरांच्या पोटाचे."

"मी तशी नाय गं, बाय."

"तोपण हेच म्हणाला होता."

निलेशने पुन्हा ओटीपी पाठवला. पलीकडे मेसेज आल्याची टिंग वाजली. ती दोघींनी ऐकली.

"माफ करा, ताई," बाई म्हणाली. त्यानंतर नंबर लागलाच नाही. तिने फोनच बंद करून टाकला होता.

नलिनीने शिवी द्यायला तोंड उघडलं, पण कुणाला द्यायची तेच तिला कळेना. वर खोलीत लवू पोरीचं डोकं मांडीवर घेऊन गोळ्यांची वाट बघत बसला होता.