गुलाबी रंगाखालची नखं

दुसऱ्याचा हात हातात घेतला की त्याच्या पोटात काय जातं ते ओळखणारी बाई ती. पार्लरमधल्या मुली तिला 'नखांची डॉक्टर' म्हणून चिडवायच्या आणि ती खुशाल मिरवायची. कुणा गिऱ्हाइकाच्या नखाचे पापुद्रे सुटताना दिसले की हिची टकळी सुरू, "अहो, नख प्रोटीननं बनतं, रंगानं नाही. अंडी खा, डाळी खा, दूध प्या. मग या माझ्याकडे." बायका हसायच्या, पण ऐकायच्या.

आणि स्वतःच्या आईचं काय केलं हिनं? रंगवलं!

आई दोन गल्ल्या सोडून एकटी राहायची. लेक जाऊन खिडकीशी बसायची आणि तिची नखं करून द्यायची. ती नखं मऊ पडून तुटायला लागली तेव्हा आई म्हणाली, "भांड्यांच्या साबणानं गं." हिनं मान डोलावली. पुढे नखांवर आडवे पांढरे पट्टे उमटले. त्यावर हिनं नखं कडक करणारं पॉलिश लावलं आणि वर गुलाबी रंगाचे दोन हात दिले.

"जेवतेस ना नीट?"

"जेवते की, पोटभर."

झालं, विषय संपला. गिऱ्हाइकाला दहादा खोदून विचारलं असतं, पण आईपुढे हिची अक्कल कुठे चरायला गेली होती कोण जाणे. आईची कवळी सैल झाली होती. चावताना हिरड्या सोलून निघायच्या, म्हणून ती चहात बिस्किटं बुडवून दिवस ढकलत होती.

मग आई बाथरूममध्ये पडली आणि मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशनच्या आधी नर्सनं बोटाला ऑक्सिजन मोजायचा चिमटा लावायचा म्हणून रंग पुसला. डॉक्टरीणबाईंनी ती नखं उजेडात धरली.

"हे पट्टे कधीपासून आहेत?"

"सात महिने," लेक पटकन म्हणाली आणि तिथल्या तिथे मेल्याहून मेल्यासारखी झाली.

ऑपरेशन पार पडलं, पण जखम काही भरेना. "अंगात प्रोटीनच उरलं नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आता पोटात जाईल तेच खरं."

लेकीनं अंडी उकडून, दुधात कुस्करून आणली. आईनं दोन चमचे कसेबसे गिळले, सोललेल्या हिरड्यांवरची सैल कवळी काढून ठेवली आणि मान फिरवली.

"मला सांगितलं का नाहीस गं? दोन दिवसांत कवळी नीट करून आणली असती!" लेकीचा आवाज चढला. शेजारच्या खाटेवरची बाई वळून बघायला लागली.

आईनं तिचा हात आपल्या हातात घेतला. मग म्हणाली, "नखं धड होती तेव्हा महिन्यातून एकदा यायचीस. बिघडली तशी दर रविवारी यायला लागलीस. तासभर माझा हात धरून बसायचीस. म्हटलं, राहू दे असंच."

स्वतःचा असा राग लेकीला जन्मात आला नव्हता. तिनं चमचा पुन्हा पुढे केला.

"आता रोज येईन, सकाळ-संध्याकाळ येईन. तू फक्त खा."

"खाते की," आई म्हणाली आणि तिच्यासाठी तोंड उघडलं. पण घास तसाच ओठांवरून खाली ओघळला.

लेक खरंच रोज गेली. सहाव्या दिवशी सकाळी दुधाचा डबा घेऊन पोचली, तेव्हा नर्स वॉर्डच्या दारातच उभी होती आणि तिच्यामागे आईची खाट रिकामी होती.