बुधूबाला कोणी मारलं

आमच्या देव्हाऱ्यात एक मेलेला माणूस होता आणि त्याला दरवर्षी रक्त लागायचं. त्याचं नाव बुधू. माझ्या सासऱ्यांच्या आजोबांचा तो धाकटा भाऊ. बांधाच्या भांडणात खालच्या आळीनं त्याला कोयत्यानं तोडला आणि काळू नदीत ढकलला, असं आमची वरची आळी शंभरावर वर्षं सांगत आली. हत्यारानं मेलेला माणूस आमच्यात वीर होतो. त्याचा चांदीचा टाक करून देवात बसवतात, आणि धुळवडीला घरातला एक गडी तो टाक हातात धरून नाचतो. त्याच्या अंगात वीर आला की घरच्या म्हाताऱ्यानं विचारायचं, "बुधूबा, तुला कुनी मारला?" वीर खालच्या आळीकडे हात करायचा. झालं. तिथून पुढं दगड, काठ्या, ज्याच्या हाताला लागेल ते.

लग्न होऊन मी धामणखिंडीत आले तेव्हा मला वाटलं, शिमग्याची गंमत असेल. पहिल्याच धुळवडीला एका बाईचा कान लोंबताना पाहिला आणि गंमत संपली. त्र्याण्णव साली वीर माझ्या नवऱ्याच्या, नामदेवच्या अंगात आला होता. खालच्या आळीतल्या हरेशच्या बापानं त्याच्या डोक्यात पहार घातली. मी पदरानं डोकं बांधत होते आणि पदर पुरत नव्हता. हरेशचा बाप पुढं तुरुंगातच मेला. मी पेढे वाटले नाहीत, पण वाटावेसे वाटले, कशाला खोटं बोलू?

दोन हजार दोनच्या शिमग्याला सासऱ्यांनी ठरवलं की आता वीर संदीपनं घ्यायचा. संदीप माझा एकुलता एक. वाशिंदला कारखान्यात कामाला, तिथंच खोली घेऊन राहायचा. मला वाटलं होतं, गावापासून सुटला. पण सासरे, कुंडलिक नाव त्यांचं, त्याला सणाआधीच बोलावून घेऊन म्हणाले, "बापाचा हिशोब तुज्याकडं हाय रे." वीराच्या हातात आजवर गंजकी तलवार असायची. या वर्षी त्यांनी लोहाराकडून कोयता पाजवून आणला.

"मामा, नातू एकच हाय तुमाला," मी म्हटलं.

"म्हनून तर त्यालाच सांगतो," ते म्हणाले.

मी भांडले, रडले, दोन दिवस चूल पेटवली नाही. म्हातारा शेजारी जाऊन जेवून आला.

त्याच आठवड्यात तो पाहुणा आला. साठीचा, काळासावळा, डोक्यावर टोपी, डोळ्यांवर चष्मा, पायात पांढरे बूट. मी अंगणात भात पाखडत होते. हात जोडून पुस्तकातल्यासारखं म्हणाला, "नमस्कार ताई. मी मॉरिशस देशाहून आलो. माझे नाव आत्माराम बुधू. तिकडे पणजोबांचे नावच आमचे आडनाव झाले. हे त्यांचे गाव ना?"

माझ्या हातातलं सूप तसंच राहिलं.

तिकडं तो बस चालवायचा. मराठी देवळातल्या वर्गात शिकला होता. त्याला काही नको होतं, फक्त बघायचं होतं. "वाट मला ठाऊक आहे," म्हणाला आणि खरंच चालायला लागला. त्याच्या पणजोबानं परमुलखात पोरांना ही वाट पाठ करून दिली होती, पोरांनी त्यांच्या पोरांना. खळ्याच्या खालून, मोहाला उजव्या हाताला ठेवून, दोन वहाळ ओलांडून, उंबराच्या पाण्याशी. मोह केव्हाच तोडलेला, नुसतं खोड उरलंय. तो खोडापाशी थांबला, हात लावला आणि पुढं गेला. कुणाला न विचारता थेट काळूच्या पाण्यावर पोचला, बुटांसकट आत शिरला आणि ओंजळ तोंडाला लावून रडायला लागला. पुरुष माणूस इतका मोकळा रडताना मी पाहिला नव्हता. मलाही भरून आलं.

काठावर बसून तो सांगत होता, तिकडं जेवायच्या आधी एक घास धामणखिंडीच्या नावानं बाजूला काढतात. उसाच्या मळ्यात जन्मलेली, हा डोंगर कधी न पाहिलेली पोरंसुद्धा काढतात. मग त्यानं स्वतःच्या मानेवर बोट फिरवलं. "पणजोबांच्या इथे मोठा व्रण होता. कोयत्याचा."

"कुनी मारलेला?"

"थोरल्या भावाने. शेतासाठी. ते रक्ताने भरलेले मुंबईपर्यंत पळाले आणि जहाजात चढले. खूप म्हातारे होऊन वारले. आजोबांच्या मांडीवर."

मला आधी हसू आलं. इकडं आम्ही त्याच्या नावानं बोकड कापतोय, डोकी फोडतोय, आणि हा बाबा तिकडं ऊस तोडून, पोरं वाढवून, खाटेवर मेला! मग हसू गेलं आणि असा संताप आला की नदीतला धोंडा उचलून कुणाला तरी हाणावा. माझा नामदेव कशासाठी मेला?

मी त्याला घरी आणलं. सासऱ्यांसमोर हे बोल असं मी सांगितलं नव्हतं, तो आपणहून सगळं बोलला. मी हात धरून थांबवत होते. सासऱ्यांनी ऐकलं, उठले आणि त्याच्या थोबाडीत मारली.

"वारस म्हनून आलाय! जमिनीचा भाव वाढला तसा आला!"

मुंबईचे लोक तेव्हा फार्महाऊससाठी मुरबाडच्या रानात माळ विकत घेत होते, त्यामुळं तेवढं एक वाक्य आळीला पुरलं. पोरं धावली. त्याला अंगणभर लोळवला. चष्म्याची काच गालात घुसली, पांढरे बूट कुणीतरी छतावर फेकले. तो एकच म्हणत होता, "मला माती नको, मला माती नको." त्याला एस.टी.त बसवून मी म्हटलं, "भाऊ, आता तुमच्या देशी जा." त्यानं गालावरचं रक्त पुसलं आणि मान हलवली. "जिवंत राहिलेल्या माणसाला तुम्ही मेलेला म्हणता. धुळवडीला मी येणार."

संदीप धुळवडीसाठी परत आला तेव्हा मी त्याला पडवीत बसवून सगळं सांगितलं.

"वीर नाय रे तो. म्हातारा होऊन मेला. भावानंच मारलेला त्याला. नको घेऊस तो कोयता."

तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "मंग माजा बाप कशाला मेला?"

"म्हनूनच सांगते ना!"

"फुकट मेला म्हनतेस?" त्यानं समोरची कळशी लाथेनं उडवली. "पुन्ना बोलू नको, आये." माझा पोरगा कधी माझ्याशी असा बोलला नव्हता. मला कळलं की बापाचं मरण त्याला खपलं होतं, पण ते फुकट गेलेलं त्याला खपणार नव्हतं.

धुळवडीला दुपारी ढोल सुरू झाला. दोन्ही आळ्या रस्त्याच्या दोन बाजूंना उभ्या. मध्ये संदीप, कपाळभर गुलाल, डाव्या हातात टाक, उजव्या हातात कोयता. थरथरत होता. सासऱ्यांनी विचारलं, "बुधूबा, तुला कुनी मारला?" संदीपचा हात खालच्या आळीकडे उठला.

आणि गर्दीतून आत्माराम बाहेर आला. गालाला पट्टी, पायात नव्या स्लिपरा. सरळ संदीपसमोर उभा राहिला.

"हे खोटे आहे. बुधूला त्याच्या भावाने मारले. आणि तो मेला नाही. मी त्याच्याच घरचा."

ढोल थांबला. खालच्या आळीतून कुणीतरी मोठ्यानं हसलं. ते हसू नसतं आलं तर, असं मी आजही म्हणते. संदीपनं कोयता फिरवला. एकदाच. तो मानेत बसला.

लोक म्हणतात वीरानं मारलं. मी समोर होते. ते डोळे माझ्या पोराचेच होते.

सगळे पळाले. संदीपसुद्धा पळाला. मी त्या माणसाचं डोकं मांडीवर घेऊन ओरडत होते आणि एकटा हरेश टेम्पो घेऊन आला. ज्याच्या बापानं माझं कुंकू पुसलं, तो हरेश. "काकू, पाय धरा," म्हणाला. त्यानंच खांद्यापासून उचलला. मुरबाडला पोचेपर्यंत तो हॉर्नवरून हात काढत नव्हता, आणि आत्मारामची बोटं माझ्या पदरात होती. दवाखान्यात डॉक्टरांनी ती बोटं सोडवली आणि म्हणाले, गेला.

तासाभरात सासरे आणि आळीतली चार माणसं आली. मला भिंतीपाशी घेऊन सासरे हळू आवाजात म्हणाले, "हरेशच्या अंगावर रगत हाय. गाडी त्याची. आमी सगळे सांगू, त्यानंच मारला. तू नुसती मान हलव. पोरगा वाचंल तुजा."

त्यांच्या आवाजात जराही अडखळ नव्हती. तेव्हा मला उमजलं की कधीकाळी या घरात एक भाऊ असाच कोयता धुऊन बाहेर आला असेल आणि त्यानं खालच्या आळीकडे बोट केलं असेल. घरातल्या बाईनं नुसती मान हलवली असेल. तिनंही पोरं वाचवली असतील. त्या पोरांच्याच वंशातला माझा नामदेव.

हरेश बाकावर बसला होता. शर्ट छातीला चिकटलेला. त्याची दया आली असं नाही, त्याचं तोंड त्याच्या बापाचंच आहे आणि मला ते बघवत नाही. पण माणूस जगवायला तोच धावला होता.

हवालदार आला. "कोणी मारलं, बाई?"

संदीप लहान असताना तापात माझ्या पोटाशी झोपायचा, ते अंग आठवलं.

"संदीपनं," मी म्हणाले. "माज्या पोरानं."

सासऱ्यांनी मला सगळ्यांसमोर तोंडावर मारलं. ओठ फाटला, तोंडात रक्त आलं. हवालदारानं त्यांना मागं ओढलं आणि पुन्हा विचारलं. मी रक्त थुंकले, आणि पोराचं नाव, त्याच्या मेलेल्या बापाचं नाव आणि वाशिंदच्या त्याच्या खोलीचा पत्ता सांगितला.