मधलं काम

लग्नसराई लागली की आमदार जीवरामनानांच्या ओसरीवर पाय ठेवायला जागा नसे. पत्रिका हातात घेऊन माणसं सकाळपासून येऊन बसत. नुसती पत्रिका देऊन कोणी उठत नसे. "नाना, तुम्ही आल्याशिवाय आम्ही अक्षता टाकणार नाही," असं सांगूनच उठत. ते प्रेमाचं बोलणं होतं आणि त्यात धाकही होता.

नानांची बायको सुंदरबाई चहा करून करून थकून जाई. एकदा ती वैतागून म्हणाली, "एवढी माणसं येतात, एक तरी दवाखान्याचं विचारतो का हो?"

"विचारतील. आधी लग्न तर लागू दे," नाना म्हणाले आणि टोपी चढवून जीपमध्ये बसले.

दवाखाना म्हणजे जामगव्हाणचं आरोग्य केंद्र. इमारत झाली होती, रंग लागला होता, खाटा आल्या होत्या. डॉक्टर तेवढा नव्हता. आलेला प्रत्येक जण महिन्याभरात बदली करून घेई. आजूबाजूच्या गावांना धुळ्याशिवाय दुसरा आधार नव्हता. १९८५ च्या निवडणुकीत नानांनी त्याच इमारतीच्या पायरीवर उभं राहून सांगितलं होतं, "मला निवडून द्या, आतल्या खुर्चीवर डॉक्टर बसवून दाखवतो!" ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्या मनात खरोखर तेच होतं.

नाना निवडून आले आणि त्यांच्या जीपला विसावा राहिला नाही. जीप कुठे जायची ते चुडामण ठरवी. चुडामण जामगव्हाणचाच. नानांचा सगळ्यात जवळचा कार्यकर्ता. कुठे लग्न आहे, कुठे साखरपुडा, कोणाच्या दारावर बसायला जायचंय, सगळं त्याच्या तोंडपाठ. आपल्याकडे कोणी गेलं की त्या घरी दारावर बसायला जातात, तिथे नाना कधी चुकले नाहीत. स्मशानात श्रद्धांजलीचं भाषण तर त्यांच्यासारखं कोणालाच जमत नसे. लोक म्हणत, "नाना म्हणजे घरचा माणूस!"

त्याच वर्षी मे महिन्यात जामगव्हाणच्या पुनाचं लग्न होतं. मुहूर्त टळून गेला तरी पुनाने लग्न लावू दिलं नाही. नवरी ताईबाई उन्हात उभी राहून चक्कर येऊन पडली. शेवटी नाना आले, अक्षता पडल्या, फोटो निघाला. पुढे कितीतरी दिवस पुना तो फोटो येईल त्याला दाखवत होता.

नानांनी दवाखान्याचं काम सोडून दिलं होतं असं नाही. जामगव्हाणच्या डॉक्टरबद्दल त्यांनी विधानसभेत प्रश्न दिला होता. खूप वाट पाहिल्यावर, १९८६ च्या नागपूर अधिवेशनात तो लागला. आदल्या दिवशी दुपारी चुडामणचा फोन आला. मतदारसंघातल्या एका वजनदार माणसाचे वडील गेले होते.

"नाना, लाकडं रचून ठेवलीत. तुमच्यासाठी थांबलेत."

"उद्या माझा प्रश्न आहे रे."

"प्रश्न पुढच्या वेळी लागेल. म्हातारा पुन्हा मरणार आहे का?"

नाना संध्याकाळच्या गाडीला बसले. दुसऱ्या दिवशी इकडे स्मशानात त्यांचं भाषण झालं, माणसं डोळे पुसत घरी गेली. तिकडे विधानसभेत त्यांचं नाव पुकारलं गेलं. बाक रिकामा होता. पुढचा प्रश्न घेतला गेला. जामगव्हाणच्या नावाने कोणी एक शब्दही बोललं नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये ताईबाईला कळा सुरू झाल्या. मूल आडवं होतं. पुनाने तिला आरोग्य केंद्रात नेलं. खुर्ची रिकामी. नर्सबाई म्हणाली, "दादा, माझ्या हातातलं नाही हे, धुळ्याला न्या." बैलगाडीतून सडकेपर्यंत आणि तिथून कोणाच्या तरी टेम्पोत. पुनाने तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं. ती एकदा म्हणाली, "अजून कितलं लांब शे?" पुना म्हणाला, "हे काय, आलंच." धुळं अजून दिसतही नव्हतं. ती तिथेच गेली, मूलही तिच्या पोटातच गेलं.

सकाळी नाल्याकाठी चिता रचली. गावातले मोठे लोक म्हणाले, थांबा, नानांना निरोप गेलाय, पारोळ्याकडचं लग्न आटोपून ते येताहेत. मग सगळे थांबले. ऊन वर चढलं. माणसं बाभळीच्या सावलीत सरकली. पुना सरकला नाही. तो चितेजवळ उभा होता. तिच्या तोंडावर ऊन पडत होतं, म्हणून त्याने आपलं उपरणं दोन्ही हातांनी वर धरलं होतं.

भर दुपारी जीप आली. नाना उतरले. लग्नाचा गुलाल अजून टोपीवर होता, तो त्यांनी झटकला. गंभीर चेहऱ्याने पुढे येऊन त्यांनी हात जोडले. "बंधूंनो, आज आपल्या गावाची एक गुणी लेक..."

"नाना, भाषण नका करा," पुना म्हणाला.

 चुडामण त्याला धरायला पुढे धावला, पण पुनाने उपरणं खाली केलं नाही आणि आवाजही चढवला नाही.

"मना लगीनले तुम्ही उनात, मी गावभर सांगत फिरनू. आते मनी बायकोले जाळाले उनात. नाना, मधला कामले कोठे व्हतात?"

लग्नाला आलात आणि जाळायलाही आलात, मधल्या कामाला कुठे होतात, हे ऐकून नानांचे जोडलेले हात खाली आले.

"तुमना एकलाना दोष नही," पुना पुढे म्हणाला. "तुम्हले आम्हीच बलायं. लगीनले मीच अडी बसनू, नाना उनाशिवाय अक्षता नही. तुम्हले तठे बसाले निवडी दिन्हं आणि आम्हीच आठे वढी आणं. आते घर जा नाना. नही तर तठे जा."

पुना म्हणत होता ते हेच, आपण यांना विधानसभेत बसायला निवडून दिलं आणि आपणच इथे ओढून आणलं! नाना चार पावलं मागे सरले आणि लोकांच्या मागे जाऊन उभे राहिले. श्रद्धांजली झाली नाही. पुनाने अग्नी दिला. जाळ शांत होईपर्यंत नाना उन्हात उभे होते.

जीपमध्ये बसल्यावर चुडामण म्हणाला, "मनावर घेऊ नका. बायको गेलीय, बोलणारच. चला, अजून दोन ठिकाणी जायचंय."

"मला नरडाणा स्टेशनला सोड," नाना म्हणाले. "मुंबईत अधिवेशन चालू आहे."

"नाना, मतं विधानसभेत नसतात, मांडवात असतात!"

"ठाऊक आहे मला. तू सोड."

त्या दिवसापासून नाना बदलले. अधिवेशन असलं की ते बाक सोडत नसत. प्रश्न पुन्हा दिला, पुन्हा मागे पडला, पुन्हा दिला. मंत्र्यांच्या दालनाबाहेर शिपायांच्या बाकावर बसून राहिले. लग्नांना सुंदरबाई एकटी जायची आणि लोकांचे टोमणे ऐकून यायची. "नाना आता मोठे झाले, आम्हा गरिबांकडे कसले येतात?" तिने नवऱ्याला यातलं फारसं सांगितलं नाही. एकदा एवढंच म्हणाली, "तुम्ही तिकडेच बसा. इथले आहेर मी करते."

१९८८ मध्ये जामगव्हाणला डॉक्टर आला आणि टिकला. बाळंतपणं गावात होऊ लागली. कितीतरी घरांत बाळ-बाळंतीण सुखरूप राहिली. पण जी वाचली तिच्या दारावर कोणी बसायला येत नाही. त्यामुळे ते कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

१९९० मध्ये नाना पडले. जामगव्हाणच्या पेटीतसुद्धा ते मागे होते. चुडामण आधीच दुसऱ्या उमेदवाराकडे गेला होता. नवे आमदार एकही लग्न चुकवत नसत. वर्षभरात डॉक्टरची बदली झाली. त्याच्या जागी कोणी आलं नाही, कोणी विचारलंही नाही. केंद्रातली खुर्ची पुन्हा रिकामी झाली.

१९९१ चा डिसेंबर. चुडामणच्या मुलीचं लग्न होतं. मांडव भरला होता. माजी आमदाराला पुढच्या रांगेत जागा नव्हती, नाना मागे बसले होते. मुहूर्ताची वेळ झाली. चुडामणने भटजींना हाताने थांबवलं. "आमदारसाहेब निघालेत, येतीलच." वेळ टळत गेली. नवरा-नवरी पाटावर उभे होते, अंतरपाट धरणाऱ्यांचे हात दुखायला लागले होते.

तेव्हा मागून पुना उठला. त्याने दुसरं लग्न केलं नव्हतं. ताईबाईने केलेल्या सांडग्या मिरच्या त्याने कित्येक दिवस खाल्ल्या नव्हत्या, संपतील म्हणून. शेवटी त्यांना जाळी लागली. असा हा माणूस त्या चितेनंतर कधी चारचौघांत बोलला नव्हता. तो सरळ चुडामणसमोर आला.

"चुडामणभाऊ, नागपूरना अधिवेशन चालू शे ना?"

"असेल. आता ते कशाला काढतो?"

"मग आमदार आठे कसाले येतस?"

"गप बस पुना! लग्नघर आहे," कोणीतरी ओरडलं.

"लगीनघर शे म्हनीसनच बोलस." पुनाने नवरीकडे बोट केलं. "तुमनी पोर पहिला बाळंतपणले माहेरलेच येई ना? आठेच येई. खुर्चीवर कोण शे तठे? भाऊ, मी मनी बायकोना डोकाले मांडीवर लिसन धुळे जाई राहिंथू. तुमनावर तो दिवस नको येवाले."

चुडामणचा चेहरा उतरला. त्याने अंतरपाटाआडच्या मुलीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली होती. मग त्याची नजर सगळ्या मांडवावरून फिरत मागे बसलेल्या नानांवर गेली. नाना जागेवरच बसून राहिले. ती वेळ त्यांच्या बोलण्याची नव्हती.

"भटजी, सुरू करा!" चुडामण म्हणाला.

"आणि आमदारसाहेब?"

"सुरू करा म्हटलं ना!"

अक्षता पडल्या. पंगती उठत असताना जीप आली. नवे आमदार हसत उतरले, हार घालून घ्यायला मान पुढे केली. हार कोणी आणला नाही. चुडामण पुढे गेला, हात जोडून म्हणाला, "साहेब, बसा, जेवून घ्या. पाहुणे आहात. पण संध्याकाळच्या गाडीने नागपूरला जा. आमच्या दवाखान्यात डॉक्टर नाही. तो येईपर्यंत या गावात तुम्हाला कोणी लग्नाला बोलवणार नाही, आणि तुमच्यासाठी चिताही थांबणार नाही."

आमदार हसायला गेले, पण मांडवात कोणीच हसलं नाही, तेव्हा तेही थांबले. न जेवताच ते जीपमध्ये बसून निघून गेले. जीप नागपूरला गेली की दुसऱ्या लग्नाला, ते कोणी सांगू शकत नव्हतं. खुर्ची त्या दिवशीही रिकामीच होती. पण ती रिकामी का आहे, हे निदान एका गावाला कळलं होतं.

तुम्हीही कोणाला तरी निवडून दिलं असेल. तो आपल्या मांडवात दिसला की बरं वाटतं, आणि दुःखात दारावर येऊन बसला की डोळे भरून येतात. पण आपण त्याला त्यासाठी पाठवलेलं नसतं. अक्षता टाकायला आपली माणसं आहेत, खांदा द्यायलाही आहेत. जन्म आणि मरण यांच्या मधलं जे काम आहे, रस्त्याचं, पाण्याचं, दवाखान्याचं, ते करायला त्याला पाठवलंय. तो आपल्या दारात उभा असेल, तर तिकडे विधानसभेत आपली जागा रिकामी आहे. म्हणून त्याला बोलावू नका. आलाच तर पाणी द्या आणि परत पाठवा. ज्याने त्या जागी बसून तुमचं काम केलं, तो तुमच्या लग्नाला आला नाही म्हणून त्याला पाडू नका. पुनाला हे कळलं तेव्हा ताईबाई चितेवर होती. आपल्यावर ती वेळ येऊ देऊ नका!