स्वागताचा लाल दिवा

भर समुद्रात तेलाचा एक प्लॅटफॉर्म होता. त्यावर हेलिकॉप्टर उतरायच्या जागेभोवती नवे लाल दिवे बसले. त्यांचं काम एकच. ते लुकलुकायला लागले की वैमानिकाने उतरायचं नाही. खाली गॅस सुटलेला असेल, काहीही असेल. दिवे बसवायला जी अक्कल लागते, ती इलेक्ट्रिशियनकाकांनी लावली. उद्घाटनाला वेगळी लागते. ती इन्चार्जसाहेबांकडे भरपूर होती.

"उद्घाटनाला येणाऱ्या मोठ्या साहेबांना दिवे वरूनच दिसले पाहिजेत. हेलिकॉप्टर दिसलं की लावा."

"साहेब, लावले तर ते उतरणारच नाहीत."

"काका, तुमचा नन्नाचा पाढा पुरे! घटकाभर लावायचे, स्वागत म्हणून. मग बंद."

काकांनी फार ताणलं नाही. परतीच्या त्याच हेलिकॉप्टरने त्यांना घर गाठायचं होतं. उद्या आईचं ऑपरेशन, आणि "तू आल्याशिवाय मी टेबलावर चढायची नाही," असं म्हातारीने बजावलेलं.

हेलिकॉप्टर दिसलं. काकांनी बटण दाबलं. दिवे असे झकास लुकलुकले, की हेलिकॉप्टर आल्या पावली वळलं.

रेडिओ खरखरला. "लाल दिवा का? बिघाड असेल तर सांगा, उतरतो."

"बिघाड म्हणा, बिघाड!" इन्चार्जसाहेब कुजबुजले. "तुमचंही घरी जायचं जमेल."

काकांच्या हातात माइक होता आणि डोळ्यांसमोर आई. एका शब्दाचं काम. पण उद्या खरोखर गॅस सुटला, तर हाच वैमानिक म्हणेल, या दिव्याचं काय, तो असाच लागतो. आणि उतरेल.

"बिघाड नाही," काका म्हणाले. "दिवे ठणठणीत आहेत. आम्ही ते सत्काराला लावले."

रेडिओ पुन्हा खरखरला.

"साहेब विचारताहेत, कुणाच्या?"

"त्यांच्याच."

"काका, दिवे ठणठणीत असतील तर ते लागल्यावर प्लॅटफॉर्मची तपासणी झाल्याशिवाय मला उतरता येत नाही. आणि तोवर घिरट्या घालायला इंधन नाही. परत जातो."

इन्चार्जसाहेब हातातल्या पुष्पगुच्छाकडे असे बघत राहिले, जणू तो चुकून भलत्याच पत्त्यावर आला होता.

संध्याकाळी काकांनी घरी फोन लावला. आईने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे येऊ नका म्हणून दिवा, आणि तो तूच लावलास?"

"हो."

"शिकवला तेवढा वाया गेला." मग जरा थांबून म्हणाली, "बरं, चढते मी टेबलावर. पण शुद्धीवर आल्यावर तू समोर दिसला नाहीस, तर परत डोळे मिटून घेईन. डॉक्टरला काय करायचंय ते करू दे."